माउथऑर्गन खिशात मावतो, पण वाजवताना भलेभले कुठे अडतात?

'शोले' (१९७५) मधला जय संध्याकाळी एकटाच बसून माउथऑर्गन वाजवतो, तो प्रसंग कोण विसरेल? ती धून प्रत्यक्षात वाजवली होती भानू गुप्ता यांनी. त्याआधी 'सोलवा साल' (१९५८) मध्ये देव आनंदच्या रेल्वेतल्या गाण्यात आणि 'दोस्ती' (१९६४) मध्ये माउथऑर्गन वाजवला होता राहुलदेव बर्मन यांनी.

पडद्यावर हे सगळं सोपं वाटतं. वाद्य ओठाला लावायचं, फुंकायचं आणि गाणं सुरू. म्हणून हौसेने माउथऑर्गन आणला जातो आणि महिनाभरात कपाटात जातो. अमरावती-अकोल्याकडे पेटी-तबल्याचे क्लास सहज सापडतात, माउथऑर्गनचे मोजकेच. त्यामुळे शिकणारा मोबाईलवरच्या व्हिडिओकडे वळतो. पण व्हिडिओत दिसतात फक्त हात आणि ओठ. खरं काम चालतं जिभेत, टाळूत आणि घशात, आणि तिथे कॅमेरा पोहोचत नाही.

तर माउथऑर्गनमध्ये नेमकं अवघड काय असतं आणि का?

आधी वाद्य कोणतं आहे ते बघा

माउथऑर्गनचे मुख्य प्रकार तीन.

ट्रेमोलो: छिद्रांच्या दोन ओळी असतात. एकाच सुरासाठी दोन रीड असतात आणि त्या किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरतो. साध्या चाली वाजवायला छान, पण यावर सूर वाकवणं जवळपास अशक्य.

डायटोनिक: १० छिद्रं, २० रीड. प्रत्येक छिद्रात फुंकल्यावर एक सूर, श्वास आत ओढल्यावर दुसरा.

क्रोमॅटिक: बहुतेकदा १२ छिद्रं आणि बाजूला एक बटण. बटण दाबलं की सूर अर्ध्या स्वराने चढतो. सगळे १२ स्वर मिळतात.

अनेकांची पहिली फसगत इथेच होते. हातात ट्रेमोलो असतो, व्हिडिओ डायटोनिकचा असतो, आणि सूर वाकत नाही म्हणून स्वतःलाच दोष दिला जातो. पुढची माहिती मुख्यतः डायटोनिकची आहे.

पहिला अडथळा: एकच सूर

छिद्रं एवढी जवळ असतात की एक फुंकायला गेलं की शेजारची दोनही बोलतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला, शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू. दुसरा, टंग ब्लॉकिंग. यात तोंडात तीन-चार छिद्रं घ्यायची, डावीकडची जिभेने झाकायची आणि उजवीकडचं एकच मोकळं ठेवायचं.

टंग ब्लॉकिंग सुरुवातीला अवघड जातं, पण फायदा मोठा आहे. चाल चालू असताना जीभ तालात उचलली की झाकलेले सूरही वाजतात आणि एकटा वादक स्वतःलाच साथ देऊ शकतो.

सातव्या छिद्रावर गाडी उलटी

सी पट्टीचा डायटोनिक घेतला आणि सी म्हणजे सा धरला, तर मधलं सप्तक असं येतं:

छिद्र ४: फुंकून सा, ओढून रे
छिद्र ५: फुंकून ग, ओढून म
छिद्र ६: फुंकून प, ओढून ध
छिद्र ७: ओढून नी, फुंकून वरचा सा

सहाव्या छिद्रापर्यंत 'आधी फुंका, मग ओढा' हा क्रम चालतो. सातव्यावर तो उलटतो. सहाव्यावर ध ओढला की लगेच सातव्यावर नीसुद्धा ओढायचा आणि मग फुंकायचं. सरगम वाजवताना 'नी' वर धडपड होते ती यामुळेच. वाद्य बिघडलेलं नसतं, त्याची रचनाच तशी आहे.

म आणि ध कुठे गेले?

खालच्या सप्तकात आणखी मोठी गंमत आहे. पहिल्या तीन छिद्रांत सा, रे, ग, प आणि नी मिळतात. शुद्ध म आणि शुद्ध ध नाहीतच! ही जुळणी सुरांसोबत कॉर्डही वाजावेत म्हणून केलेली आहे, त्यात हे दोन स्वर सुटले.

ते काढायचे तर बेंडिंग, म्हणजे सूर वाकवणं, आलंच पाहिजे. दुसऱ्या छिद्रात ओढून प येतो. तो दोन पायऱ्या खाली वाकवला की तीव्र म आणि मग शुद्ध म मिळतो. तिसऱ्या छिद्रात ओढून नी येतो. तो वाकवत नेला की कोमल नी, शुद्ध ध आणि कोमल ध असे तीन स्वर निघतात.

हे होतं कसं? एका छिद्रात दोन रीड असतात, एक फुंकण्याची, एक ओढण्याची. जीभ मागे नेऊन तोंडातली पोकळी बदलली की दोन्ही रीड मिळून कंप पावू लागतात आणि सूर खाली सरकतो. तो किती सरकेल हे दोन रीडच्या सुरांमधल्या अंतरावर ठरतं. म्हणून तिसऱ्या छिद्रात तीन पायऱ्या मिळतात, तर पाचव्यात धड एकही मिळत नाही.

इथे जोर लावून काही होत नाही. सराव असा करतात: श्वास आत घेत शिट्टी वाजवायची आणि तिचा सूर हळूहळू खाली आणायचा. जीभ कुठे गेली ते लक्षात ठेवायचं आणि तेच माउथऑर्गनवर करायचं. सूर हलायला काही दिवस लागतात, पण तिसऱ्या छिद्रात बरोबर शुद्ध धवर थांबायला कित्येक महिने. मोबाईलवर तानपुरा लावून सराव केला तर सूर हलला की लगेच कळतं.

नवशिक्यांची एक ठरलेली तक्रार असते, 'दुसरं छिद्र ओढल्यावर वाजतच नाही.' बहुतेकदा रीड ठीक असते. घसा आवळलेला असतो आणि श्वास जोरात ओढला जातो, त्यामुळे सूर नकळत वाकतो किंवा गुदमरतो. जांभई देताना जसा घसा उघडतो तसा ठेवून हळू ओढलं की तेच छिद्र बोलू लागतं.

पेटीला जमत नाही ते इथे जमतं

पेटी आणि माउथऑर्गन दोन्ही रीडची वाद्यं. पेटीवर एका स्वरातून दुसऱ्यात सरकत जाणारी मींड निघत नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, तिच्यावरच्या आक्षेपांत हाही एक होता. माउथऑर्गनवर बेंडिंगमुळे काही ठिकाणी मींड निघते, म्हणून एवढी मेहनत घ्यायची.

सर्वात अवघड: ओव्हरब्लो

मधल्या सप्तकात कोमल रे आणि कोमल ध बेंडिंगने मिळतात. कोमल ग, तीव्र म आणि कोमल नी मात्र मिळत नाहीत. त्यासाठी ४, ५ आणि ६ या छिद्रांत अशा खास पद्धतीने फुंकावं लागतं की फुंकण्याची रीड गप्प होते आणि ओढण्याची रीड वरचा सूर देते. १९७० च्या सुमारास अमेरिकन वादक हॉवर्ड लेव्ही यांनी हे तंत्र पुढे आणलं. यासाठी अनेकदा रीडमधली फटही बारकाईने जुळवावी लागते.

थोडी पळवाटही आहे. त्याच सी पट्टीच्या वाद्यावर सा बदलायचा. पाचव्या छिद्रात ओढून येणारा सूर सा धरला, तर नवव्या छिद्रापर्यंत कल्याण थाट सरळ मिळतो. चौथ्यात ओढून येणारा सूर सा धरला तर काफी, आणि सहाव्यात फुंकून येणारा धरला तर खमाज.

श्वास आणि शकुंतला

बासरीवाला फक्त फुंकतो. माउथऑर्गनवाल्याला वाजवता वाजवताच श्वास सांभाळावा लागतो. ओढण्याचे सूर जास्त आले की छाती भरून येते, तेव्हा मधल्या क्षणात नाकाने श्वास सोडावा लागतो.

यावरचा जगभरातला आवडता सराव म्हणजे आगगाडी. अमेरिकेत डिफोर्ड बेली यांनी १९२७ मध्ये 'पॅन अमेरिकन ब्लूज' या ध्वनिमुद्रणात माउथऑर्गनवर अख्खी गाडी पळवली होती. वऱ्हाडाला यासाठी लांब जायला नको. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. छिद्र १, २, ३ एकत्र धरून दोनदा ओढायचं, दोनदा फुंकायचं. आधी स्टेशन सोडताना चालते तितकं हळू, मग वेग वाढवायचा. मधेच ४ आणि ५ एकत्र ओढले की शिट्टी. दम न लागता दोन मिनिटं गाडी चालली, तर श्वास ताब्यात आला समजा.

उन्हाळा आणि खर्रा

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी माउथऑर्गन गाडीच्या डिक्कीत ठेवू नये. लाकडी भाग लाळेने फुगतो आणि वाळला की आकसतो, त्यातून हवा गळू लागते. वाजवून झाल्यावर छिद्रं खाली करून तळहातावर आपटावा आणि वाळू द्यावा. तोंडात खर्रा, सुपारी किंवा नाश्त्याचे कण असताना तर अजिबात वाजवू नये. एक कण रीडमध्ये अडकला की तो सूर बंद.

मग शिकायचं कोणत्या क्रमाने?

आधी एकच स्वच्छ सूर, मग सातव्या छिद्रासकट सरगम, मग आगगाडी. त्यानंतर बेंडिंग, तेही चौथ्या छिद्रापासून, कारण तिथे एकच पायरी उतरायची असते. दुसरं आणि तिसरं छिद्र त्यानंतर. ओव्हरब्लो सर्वात शेवटी. आणि रोज थोडं रेकॉर्ड करून ऐकायचं. तोंडात काय चाललंय ते दिसत नाही, पण चुकलेला सूर ऐकू नक्की येतो.