नगरपालिकेची सुईण

रायपूरच्या तात्यापारा चौकातून जाणाऱ्या आजच्या मराठी माणसास, आपण एका जुन्या मराठी वस्तीतून चाललो आहोत, याची जाणीव क्वचितच होत असेल. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर बसला, बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, पुढे १८१८ नंतर अ‍ॅग्न्यू नामक इंग्रज अधिकाऱ्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले आणि १८५४ साली भोसल्यांचे राज्यच खालसा झाले. तथापि दप्तर आणि दौलत ज्यांच्या हातून गेली त्यांपैकी कित्येक मराठी कुटुंबे वकिली, मास्तरकी व कारकुनी करीत येथेच रुजली. त्यांतील कर्त्या पुरुषांची चरित्रे लिहिली गेली आहेत. मला येथे सांगावयाचे आहे ते एका सुईणीविषयी.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रीसाठी चाकरीचे दोनच दरवाजे किलकिले होते : एक कन्याशाळेतील मास्तरणीचा आणि दुसरा सुईणीचा. हे दरवाजे समतेच्या तत्त्वाने उघडले, असे आपण समारंभांतून म्हणतो खरे, पण वस्तुस्थिती निराळी आहे. गोषातील मुलींपुढे परपुरुष शिक्षक उभा करता येईना आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टरास पाऊल टाकता येईना, म्हणूनच या दोन जागांसाठी स्त्री शोधणे कारभाऱ्यांना भाग पडले. १८८५ साली स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी लेडी डफरिन यांचा निधी निघाला, १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची योजना केली. त्यांच्या मुळाशीही हीच अडचण होती. ज्या रूढीने स्त्रीला कोंडले, तिच्याच हट्टापायी नगरपालिकेच्या हजेरीपटावर तिचे नाव चढले, हा इतिहासाचा विनोद मला तरी मोठा मार्मिक वाटतो.

पहिल्या दरवाज्याशी रायपुरात नाव जोडले आहे ते माधवराव सप्रे यांचे. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० साली वामनराव लाखे व रामराव चिंचोलकर यांच्या साहाय्याने काढणारा, राजद्रोहाच्या आरोपाखाली १९०८ साली कारावास भोगणारा, सुटकेनंतर रामदासी वृत्तीने माधुकरी मागून राहिलेला हा मनस्वी पुरुष रायपुरास परतला आणि १९१२ च्या सुमारास त्याने जानकीदेवी कन्यापाठशाळा काढली. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे सप्रे सर्वांस ठाऊक असतात. त्यांच्या चरित्रांत या पाठशाळेस मात्र एखादी ओळच मिळते.

दुसरा दरवाजा अधिक अंधारा होता. सूतिकागृह म्हणजे घरातील सर्वांत कोंदट खोली. खिडकी बंद, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, ओव्याचा धूर, जमिनीवर जुनेर अंथरलेले, आणि नाळ कापावयास हाताशी येईल ते पाते. सोहेराच्या कल्पनेमुळे ज्या हाताने मूल या जगात आणले, तोच हात पुढे घरातल्या पाण्याच्या भांड्यास लागू दिला जात नसे. या कामास प्रतिष्ठा नव्हती, आणि ज्यास प्रतिष्ठा नाही अशा कामावर हक्क सांगावयास पुरुष सहसा येत नाहीत.

अशा कामावर १९१८ साली राधाबाई नावाची एक मराठी विधवा रायपूर नगरपालिकेत रुजू झाली. तिचा जन्म १८७५ चा, नागपुरचा. बालपणीच विवाह झाला आणि वयाच्या नवव्या वर्षी वैधव्यही आले. शेजारणीच्या आश्रयाने ती हिंदी लिहावयास-वाचावयास शिकली आणि पोटासाठी तिने सुईणीची विद्या हस्तगत केली. पुण्यास अण्णासाहेब कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ पासून आणि रमाबाई रानडे यांचे सेवासदन १९०९ पासून विधवांना हात देत होते, पण या बाईला तसे कोणतेही आश्रयस्थान लाभले नाही. रायपुरात मात्र तिच्या हातास असा गुण आला, की लोक तिला डॉक्टर म्हणू लागले. ही उपाधी कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरी दाखल नाही.

पुढे ती सत्याग्रहात उतरली. १९३० ते १९४२ या काळात तिने वारंवार तुरुंगवास पत्करला, चरखा चालविला, सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन मुलांना स्वहस्ते न्हाऊ घातले, आणि लग्नाकार्यांत मुलींना नाचविणारी 'किसबिन नाच' ही प्रथा मोडण्यासाठी खटपट केली. घराघरांतल्या आतल्या खोलीपर्यंत जिची ये-जा होती, तिच्या शब्दाला स्त्रियांत जे वजन होते, ते सभेतल्या वक्त्यांना कोठून येणार?

तोवर प्रांताचे वातावरणही पालटले होते. मध्यप्रांतात १९२७ साली स्त्रियांना कायदेमंडळाचा मताधिकार मिळाला आणि दहा वर्षांनी नागपुरच्या अनसूयाबाई काळे विधानसभेच्या उपाध्यक्षा झाल्या. सरकारी नोकरीत लिंगभेद करता येणार नाही, असा मूलभूत अधिकार राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने दिला. ती घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. राधाबाई त्याच महिन्याच्या २ तारखेस वारली होती. अवघे चोवीस दिवस.

१९५८ साली रायपुरात मुलींसाठी शासकीय महाविद्यालय निघाले. त्यास द्रव्य दिले ते दूधाधारी मठाच्या विरक्त महंतांनी, आणि मठाचेच नाव त्यास मिळाले. १९९७ मध्ये, रायपूर तेव्हा ज्यात मोडत असे त्या मध्यप्रदेशाच्या शासनाने नोकरभरतीत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या. आज रायपुरात मुलींचे आणखी एक शासकीय महाविद्यालय आहे. त्याच्या फलकावर 'डॉ. राधाबाई नवीन कन्या महाविद्यालय' अशी अक्षरे आहेत, आणि नोकरीच्या अर्जाला दाखले जोडणाऱ्या तेथील पदवीधर मुलींच्या कागदांवर, शेजारणीच्या घरी अक्षरओळख झालेल्या त्या सुईणीचे नाव छापलेले असते.