एक घटना, दोन स्तंभ

लवळ्याच्या टेकडीवर आज सिंबायोसिस विद्यापीठात मुलेमुली वृत्तपत्राची विद्या शिकतात. एकच घटना देशोदेशीची पत्रे निरनिराळी का सांगतात, हा त्या विद्येतला मोठा प्रश्न. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला मात्र वाटते, त्याचा पहिला धडा आपल्याच मुलखात गिरवला गेला.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईस ‘दर्पण’ काढले. पानावर एका स्तंभात इंग्रजी, शेजारी मराठी. राज्य करणारा एक स्तंभ वाची, राज्य सोसणारा दुसरा. पुढे १८८१ साली पुण्यास टिळक-आगरकरांच्या मंडळींनी स्तंभच वेगळे केले. लोकांसाठी मराठी ‘केसरी’, इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी ‘मराठा’.

या दोन स्तंभांमधली रेघ किती खोल असते, ते १९०८ साली दिसले. ३० एप्रिलला मुझफ्फरपूर येथे बाँब पडून दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. अँग्लो-इंडियन पत्रांनी कडक बंदोबस्त मागितला. ‘केसरी’नेही बाँबचा मार्ग योग्य मानला नाही, पण सरकारच्या कारभारात त्याचे मूळ शोधले. त्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला.

ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी लेखांचा न्याय त्यांनी करायचा तो इंग्रजी भाषांतरावरून! टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची एकेका शब्दावरून उलटतपासणी केली. आपल्या शब्दांची छटा भाषांतरात बदलली आहे, हे त्यांचे म्हणणे. बहुमताने ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. शब्दांचा अर्थ एवढा महाग पडला, वाचकहो! ती वर्षे त्यांनी मंडालेस काढली.

आता मी वर्गात मुलांना एक काम देतो. ओढ्याला पूर आल्याची बातमी दोनदा लिहा. एकदा घरच्या आजीसाठी, एकदा परदेशी राहणाऱ्या मामेभावासाठी. आजीला कोणाचे शेत वाहिले ते सांगावे लागते, भावाला ओढा म्हणजे काय तेच आधी सांगावे लागते. गेल्या खेपेस एका मुलीने विचारले, “गुरुजी, दोन्हींतली खरी कोणती?”

मी म्हणालो, “दोन्ही खऱ्या असायला हव्यात, बाळ. एक लिहिताना दुसरा वाचणारा समोर बसला आहे असे समजून लिही.”