वायफायची सुरक्षा : धोके आणि उपाय

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत ५० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग काढत तपासयंत्रणा नवी मुंबईतील एका सदनिकेपर्यंत पोहोचल्या. तेथील असुरक्षित वायफायचा परस्पर वापर करून तो ई-मेल धाडण्यात आल्याचे पुढे स्पष्ट झाले. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराविषयी इंटरनेट पुरवठादारांना सूचना दिल्या.

धोक्याचे स्वरूप

तारेतून जाणारी माहिती चोरायची तर तारेपर्यंत पोहोचावे लागते. रेडिओलहरी मात्र घराच्या भिंती ओलांडून रस्त्यापर्यंत जातात. जाळ्याला पासवर्ड नसेल, तर आसपासच्या कोणालाही त्या टिपता येतात. दुसरा धोका तोतया जाळ्याचा. हॉटेलच्या किंवा स्थानकाच्या वायफायचेच नाव देऊन कोणी दुसरे जाळे उभारले, तर मोबाईल त्याला आपणहून जोडला जाऊ शकतो. तिसरा धोका दुबळ्या पासवर्डचा. जोडणीच्या वेळी मोबाईल व राउटर यांच्यात होणारी देवाणघेवाण टिपून ठेवली, की संभाव्य पासवर्ड नंतर सवडीने संगणकावर पडताळता येतात.

संरक्षणाचे टप्पे

१९९७ च्या मूळ वायफाय मानकातील ‘वेप’ ही कूटलेखन पद्धत २००१ मध्येच सदोष ठरली. २००७ मध्ये जर्मन संशोधकांनी ती मिनिटभरात भेदून दाखवली. तिची जागा २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ने आणि २००४ मध्ये अधिक भक्कम ‘डब्ल्यूपीए-२’ने घेतली. तिच्यातीलही एक उणीव बेल्जियममधील संशोधकांनी २०१७ मध्ये उघड केली. ती सॉफ्टवेअर अद्ययावत करून दूर करता येते. २०१८ मध्ये आलेल्या ‘डब्ल्यूपीए-३’मध्ये पासवर्ड नंतर सवडीने पडताळण्याची वाट बंद झाली.

राउटरवरील ‘डब्ल्यूपीएस’ ही सोयही सदोष आहे. तिचा पिन आठ अंकी असला, तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो. त्यामुळे एक कोटीऐवजी जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो.

काय करावे?

राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड प्रथम बदलावा. ‘डब्ल्यूपीए-३’ किंवा किमान ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावे आणि ‘डब्ल्यूपीएस’ बंद ठेवावे. वायफायचा पासवर्ड लांब असावा. असंबद्ध चार-पाच शब्द जोडले तरी चालतात, मात्र मोबाईल क्रमांक वा घराचे नाव टाळावे. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे द्यावे. राउटरचे सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे. सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार टाळावेत आणि मोबाईलमधील आपोआप जोडणीची सोय बंद ठेवावी. जाळ्याचे नाव लपवल्याने मात्र संरक्षण मिळत नाही. साध्या साधनांनीही ते शोधता येते.