‘कामाचा बोजा पडेल’ : कागद नाकारण्याची जुनी रीत, नवं कलम

माहिती अधिकारात अर्ज टाकणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना एक उत्तर आता तोंडपाठ झालं आहे. समाजकल्याणच्या निधीचा पाच वर्षांचा हिशेब मागा, गायरान जमिनीच्या नोंदी मागा, वसतिगृहाच्या भोजन ठेक्याची फाईल मागा, उत्तर एकच येतं : माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, ती गोळा करायला कार्यालयाची यंत्रणा मोठ्या प्रमाणावर वळवावी लागेल, सबब कलम 7(9) नुसार देता येत नाही. अर्जदार दमतो आणि विषय तिथेच संपतो.

हे उत्तर कायद्याने चूक आहे, ते पुढे पाहूच. पण त्याआधी त्याचा इतिहास समजून घेतला पाहिजे. कागद कुणाच्या हातात असावा आणि कुणाला तो पाहू द्यावा, हा प्रश्न 2005 साली जन्माला आलेला नाही. आपल्या समाजासाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न राहिलेला आहे.

गावगाड्यात दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. कोणाची जमीन किती, सारा किती भरला, किती थकला, हे सगळं त्या रुमालात बांधलेलं. गावच्या शिवेचा वाद झाला तर शीव कुठून जाते हे सांगायला महाराला बोलावत; गावाची स्मृती त्याच्याकडे होती, पण गावाचा कागद त्याच्याकडे कधीच नव्हता. ज्याच्याकडे कागद, त्याचंच खरं. महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात अडाणी शेतकऱ्याला कागदावर नागवणारा कुलकर्णी वारंवार येतो तो उगाच नाही. राजर्षी शाहूंनी 1918 साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. त्या निर्णयावर केवढा गहजब झाला! कारण उघड आहे. वतनाबरोबर दप्तरही हातातून जात होतं.

बाबासाहेबांना कागदाची ही ताकद पुरती माहीत होती. 1919 साली साउथबरो समितीपुढची साक्ष घ्या किंवा 1928 साली सायमन कमिशनला दिलेली निवेदनं घ्या, त्यांच्या युक्तिवादाचा पाया सरकारी आकडे हाच आहे. अस्पृश्यांची लोकसंख्या किती, शाळेत मुलं किती, कोणत्या पातळीवर किती गळाली. त्यांनी सरकारच्याच दप्तरातले आकडे सरकारपुढे ठेवले आणि प्रतिनिधित्व मागितलं. आकडे नसते तर समोरच्यांनी ती नुसती तक्रार म्हणून उडवून लावली असती.

म्हणूनच 1951 च्या जनगणनेच्या अहवालांतून जातीचे तक्ते गाळले गेले तेव्हा बाबासाहेब संतापले. 1955 च्या ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तकात भाषिक राज्यांत कोणत्या जातीचं प्राबल्य राहील याची चर्चा करताना त्यांनी या गाळण्यावर कडक शब्दांत टीका केली. शब्दकोशातून शब्द काढला म्हणजे ती वस्तूच जगातून नाहीशी होते, असा समज करून घेणाऱ्या बुद्धीची त्यांनी कीव केली. जात मोजायची नाही म्हणजे जात नाही, असं होत नाही. फक्त जातीने कोणाला काय मिळालं याचा पुरावा राहत नाही.

या घटनेला 70 वर्षं झाल्यावर तोच वाद सर्वोच्च न्यायालयात आला, आणि या वेळी कारण होतं ‘बोजा’. मार्च 2021 मध्ये विकास गवळी प्रकरणाच्या निकालाने महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं ओबीसी आरक्षण अडचणीत आलं, कारण त्यामागे समकालीन आकडेवारी नव्हती. राज्याने केंद्राकडे 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेची माहिती मागितली. केंद्राने सप्टेंबर 2021 च्या प्रतिज्ञापत्रात सांगितलं की मागासवर्गांची गणना प्रशासकीयदृष्ट्या अवघड आणि किचकट आहे. 1931 मध्ये 4,147 जाती होत्या, 2011 च्या गणनेत जातींची नावं 46 लाखांवर गेली, सबब ही माहिती वापरण्याजोगी नाही. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली.

आता पाहा. एका खात्याने लोकांच्या पैशाने घरोघर जाऊन माहिती जमवली. ती नीट वर्गीकृत करणं हे त्याच खात्याचं काम. ते केलं नाही, आणि मग न केलेल्या कामाचाच आधार घेऊन माहिती नाकारली. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने येत्या जनगणनेत जातगणना करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे जे चार वर्षांपूर्वी किचकट होतं ते एका बैठकीत शक्य झालं. मग अडचण खरोखर यंत्रणेची होती की इच्छेची?

माहिती अधिकाराचा कायदाही कोणी दानात दिलेला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 पासून जनसुनवाया घेतल्या. दुष्काळी कामावरच्या मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती आणि हजेरीपट दाखवला जात नव्हता. कागद बाहेर आले तेव्हा कामावर कधी न गेलेल्यांची नावं त्यात निघाली. 1996 साली ब्यावरला 40 दिवस धरणं झालं. मागणी साधी होती : आमचा पैसा, आमचा हिशेब. त्या मातीतून 2005 चा कायदा उभा राहिला.

त्याचा उपयोग आपल्याला किती आहे याचं एकच उदाहरण पुरे. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखलेल्या घटक योजनेतले सुमारे 744 कोटी रुपये दिल्ली सरकारने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांशी निगडित कामांकडे वळवल्याचं माहिती अधिकारातून उघड झालं. प्रश्न संसदेत गेला आणि निधी वळवणं चूक होतं हे तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत मान्य करावं लागलं. हा हिशेबही अनेक वर्षांचा होता, अनेक खात्यांत विखुरलेला होता. ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून तो दिला नसता तर?

आता कलम 7(9) काय म्हणतं ते नीट वाचू. ज्या स्वरूपात माहिती मागितली त्या स्वरूपात ती सामान्यतः द्यावी. त्यासाठी साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागणार असेल किंवा मूळ अभिलेखाला धोका असेल, तर अपवाद. म्हणजे हे कलम माहितीच्या स्वरूपाबद्दल बोलतं. तक्ता करून देता येत नसेल तर मूळ फाईल दाखवा, प्रती देता येत नसतील तर पाहू द्या. माहिती नाकारण्याची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये आहेत आणि त्यात ‘काम वाढेल’ हे कारण कुठेही नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्येच, एका पोस्ट कर्मचारी महिलेच्या प्रकरणात, 7(9) हा नकाराचा आधार होऊ शकत नाही हे स्पष्ट केलं.

अधिकारी दुसरं शस्त्र काढतात ते 2011 च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालाचं. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की 75 टक्के कर्मचाऱ्यांनी 75 टक्के वेळ माहिती पुरवण्यात घालवावा अशी स्थिती देशाला नको. हे वाक्य नकारपत्रांत फार आवडीने येतं. पण त्याच खटल्यात शेवटी काय झालं हे सांगितलं जात नाही. विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका मागितली होती, परीक्षा मंडळाने अनेक हरकती घेतल्या, आणि न्यायालयाने उत्तरपत्रिका दाखवण्याचा हक्क मान्य केला.

त्या निकालातली दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे मानली पाहिजे. कार्यालयाकडे जी माहिती नाहीच, ती नव्याने तयार करून देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. पैसे उकळण्यासाठी अर्ज टाकणारेही आहेत. पण त्यावर उपाय कायद्यातच आहे. कलम 4 प्रमाणे सगळे अभिलेख सूचीबद्ध करायचे आणि महत्त्वाची माहिती 120 दिवसांत स्वतःहून जाहीर करायची होती. ते केलं असतं तर अर्जच कमी आले असते. सूची केली नाही म्हणून शोधायला वेळ लागतो, आणि वेळ लागतो म्हणून माहिती नाही! उलट 2012 साली महाराष्ट्राने नियम बदलून अर्जदारालाच बांधलं : एका अर्जात एकच विषय, आणि साधारण 150 शब्द.

मित्रांनो, बोजा कुणी उचलायचा हा खरा सवाल आहे. जात पडताळणी समितीपुढे उभ्या राहणाऱ्या आपल्या पोराला विचारा. अनुसूचित जातीच्या कुटुंबाकडे 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या विमुक्तांकडे 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. ज्यांना गावात टिकू दिलं नाही, ज्यांच्या आजोबांना शाळेचं दार दिसलं नाही, त्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कागद आणायचा. 2000 सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे. तिथे कोणी म्हणत नाही की याला फार त्रास होईल, राहू द्या. पालावरच्या माणसाने 1961 चा कागद जपायचा आणि इमारत, कपाटं, पगारी कर्मचारी असलेल्या कार्यालयाला पाच वर्षांची फाईल सापडत नाही, हा न्याय कुठला?

तेव्हा असं उत्तर आलं तर अर्ज सोडू नका. 30 दिवसांत प्रथम अपील करा. त्यात लिहा की 7(9) स्वरूपाबद्दल आहे, नकाराबद्दल नाही. आणि कलम 19(5) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची आहे. कलम 2(ञ) खाली प्रत्यक्ष पाहणी मागा, फाईल समोर ठेवणं एवढंच त्यांचं काम उरतं. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक संस्थांसाठी शासनाने 2018 मध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अशी अभिलेख पाहणीची वेळच ठरवून दिली आहे, तिचा वापर करा. एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा, वर्षं वाटून घ्या, टिपणं काढा. प्रश्न नेमका विचारा : कोणता लेखाशीर्ष, कोणतं वर्ष, किती मंजूर, किती खर्च, किती परत गेले.

दप्तर कुलकर्ण्याच्या घरातून चावडीवर यायला शाहू महाराजांचा हुकूम लागला. ते चावडीतल्या कपाटातून आपल्या टेबलावर आणणं हे आपल्या पिढीचं काम आहे, आणि त्यासाठी लागणारा कायदा आपल्या हातात आहे.

जय भीम!