नखभर रंग

वात्स्यायनाने माणसांची पारख नखांवरूनही केली आहे. गौडांची नखे लांब, दाक्षिणात्यांची आखूड आणि महाराष्ट्रातल्या लोकांची मध्यम, असे तो कामसूत्रात सांगून ठेवतो. त्याला दीड हजारांहून अधिक वर्षे उलटली, तरी आमच्यापुरती ही वर्गवारी अजून खोटी पडलेली नाही. आमच्या बायकांना भाकरी थापायची असते, कांदा निवडायचा असतो, पोरींच्या वेण्या घालायच्या असतात. नख फार वाढवून भागत नाही. आणि अगदीच खुडून टाकले तर लसूण कशाने सोलायची? तेव्हा मध्यम तेच बरे.

या मध्यम नखावर रंग कसा चढला, आणि तो चढवून घ्यायची मोकळीक कोणाकोणाला होती, ती हकीकत मला सांगायची आहे. विषय नखाएवढा आहे खरा. पण दिवाळीच्या दिवसांत घराघरांतून मुली रंगाच्या बाटल्या घेऊन ओटीवर बसलेल्या दिसतात, तेव्हा त्या बाटलीमागे केवढा रस्ता आहे हे कोणीतरी सांगायला हवे.

माझे माहेर शिरूर. जुनी माणसे त्याला अजून घोडनदीच म्हणतात. आत्या दौंडला, रेल्वेच्या चाळीत. दोन्ही तालुके एकमेकांना लागून. घोड भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे दौंडावरून जाते. फरक एवढाच की दौंडला आगगाडी होती आणि शिरूरला नव्हती. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. त्यामुळे मुंबईची कोणतीही टूम दौंडला आगगाडीने येई आणि शिरूरला एस.टी.ने, म्हणजे निदान एक लग्नसराई उशिरा.

परंतु नखांचा रंग आगगाडीची वाट पाहत थांबला नव्हता. तो आधीपासूनच कुंपणावर होता. मेंदीचा पाला ओरबाडून आणायचा, पाट्यावर बारीक वाटायचा, त्यात लिंबू पिळायचे, थोडा काथ घालायचा, कोणी चहाचे पाणी घालीत, आणि नागपंचमीच्या आदल्या रात्री हातांवर थापायचा. कोन नव्हते, नक्षीच्या वह्या नव्हत्या. तळहाताच्या मध्यभागी रुपयाएवढा चंद्र, त्याच्याभोवती चार ठिपके आणि बोटांच्या टोकांना मेंदीच्या टोप्या, एवढेच आमचे चित्र. नखे त्या टोप्यांतच रंगून निघत. रात्रभर हात फडक्यात गुंडाळून झोपायचे आणि सकाळी कोणाची अधिक रंगली यावरून भांडायचे.

हा रंग नुसता वरून बसत नाही. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. आपली कातडी आणि नख ज्या केराटिनाची बनतात त्याला ते जाऊन चिकटते. कातडी झडत राहते म्हणून तळहाताची मेंदी दोन-तीन आठवड्यांत फिकी पडते. नख मात्र झडत नाही, ते पुढे सरकते. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. म्हणूनच श्रावणात रंगवलेल्या नखाच्या वरच्या अर्ध्यावर दिवाळीला केशरी कोर शिल्लक असे आणि बुडाशी कोरे नख उगवलेले असे. कॅलेंडर न पाहता पंचमीला किती दिवस झाले ते बोटांवरून सांगता येई.

मेंदीचा एक भाऊबंद आपण भाद्रपदात गौरीसाठी घरी आणतो, पण त्याचे हे नाते आपल्या ध्यानात नसते. तो म्हणजे तेरडा. तेरड्यातही लॉसोन असते. चीन, कोरिया, जपान या देशांत तेरड्याची फुले-पाने तुरटीबरोबर कुटून नखांवर बांधण्याची चाल फार जुनी आहे. कोरियातल्या मुलींची तर अशी समजूत की तेरड्याने रंगवलेल्या नखावरचा रंग पहिला बर्फ पडेपर्यंत टिकला, तर पहिले प्रेम सफळ होते. आणि आपण काय म्हणतो? तेरड्याचा रंग तीन दिवस! एकाच फुलाला एका देशाने क्षणभंगुरतेची उपमा दिली आणि दुसऱ्याने निष्ठेची. आपण झाडावरचे फूल पाहिले, त्यांनी नखावरचा रंग पाहिला.

पण हा रंग सर्वांचा नव्हता. मेंदी हे सौभाग्याचे लेणे. कुमारिकेने लावावी, सवाष्णीने लावावी; नवरा गेलेल्या बाईने पाटा धुऊन द्यावा. रूढीला एका ठिकाणी मात्र नखाने दाद दिली नाही. नवरा गेला त्या दिवशी कुंकू पुसता येई, बांगड्या फोडता येत, मंगळसूत्र काढून ठेवता येई. नखावरची मेंदी पुसता येत नसे. ती सरकत सरकत टोकाशी येऊन कापली जाईपर्यंत, पाच-सहा महिने, त्या बाईला आपल्याच बोटांवर पाहावी लागे. भाकरी थापताना, पाणी ओढताना, दुसऱ्याचे मूल न्हाऊ घालताना, सौभाग्याची ती कोर डोळ्यांसमोरून हलायची नाही.

शिरूरहून दौंडला जाताना न्हावऱ्यावरून भीमा ओलांडली की केडगाव लागते. येथेच पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. रमाबाई स्वतः विधवा. त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली वारले. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, ते पुढे पुण्याला हलले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणून त्यांनी केडगावच्या माळावर वस्ती उभी केली. १८९८ साली मुक्ती सदनाचे रीतसर उद्घाटन झाले. रमाबाईंच्या धर्मांतरावरून त्या काळी मोठे वादळ झाले होते; त्यात आज शिरायचे कारण नाही. मला त्या मुलींच्या बोटांचे कौतुक आहे. त्या तेथे विणकाम शिकल्या, शेती शिकल्या आणि छापखानाही चालवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापले गेले. खिळे जुळवणाऱ्या बोटांच्या नखांत शाई जाणारच. ज्या हातांना मेंदी नाकारली होती, त्यांच्या नखांवर दुसरा एक रंग चढला. आणि तो कोणाच्या जगण्या-मरण्यावर अवलंबून नव्हता.

केडगावापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, सोलापूर रस्त्यावर चौफुला आहे. आमच्याकडे दोन्ही नावे एका दमात घेतात, केडगाव-चौफुला. चौफुल्याची कलाकेंद्रे महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. संगीतबारीच्या कलावतींनी येथे लावणी जागती ठेवली. बैठकीच्या लावणीत अर्धा अर्थ गळ्यातून येतो आणि अर्धा बोटांतून. बोटाचे टोक मागे बसलेल्यालाही दिसले पाहिजे. म्हणून तेथे नख रंगवणे हा कामाचाच भाग. गावातल्या घरंदाज बायका मात्र नेमका तोच दाखला देत. ‘नखं रंगवायला तू काय चौफुल्याला निघालीस का?’ हे वाक्य मी लहानपणी किती घरांतून ऐकले आहे! बोलणारीच्या मनात कला नसे, अब्रू असे.

म्हणजे पाहा, एकाच रस्त्यावर एकीला रंग वर्ज्य होता, दुसरीला तो पोटासाठी लावावा लागे, आणि या दोघींच्या मध्ये उभी असलेली घरची सवाष्ण रंग लावताना दोघींचीही धास्ती घेई. तिला तिघींपैकी सर्वांत मोकळी समजत. पण तिलाही सण लागे, निमित्त लागे आणि सासूचा होकार लागे.

हे निमित्त पहिल्यांदा काढून टाकले ते बाटलीने. तिचे कुळ मोठे स्फोटक आहे. १८४६ साली शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर तेजाब्यांचा संस्कार करून एक भडका घेणारा पदार्थ जगापुढे आणला. तोफाबंदुकांच्या दारूत तो कामी आला. पुढे त्याच जातीचा पदार्थ द्रावणात विरघळवून मोटारींवर देण्याचे चकचकीत, झटकन वाळणारे रोगण तयार झाले, आणि तेच तंत्र बायकांच्या नखांवर आले. अमेरिकेत क्यूटेक्सने १९१७ च्या सुमारास नखांचे पातळ पॉलिश विकायला आणले; १९३२ साली न्यूयॉर्कात रेव्हलॉन कंपनी निघाली, तिचा पहिला माल म्हणजे नखांचे दाट रंग. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्च होऊ नये, हा त्यामागचा एक हेतू. नाव घेतले ते एका फ्रेंच संगीतिकेवरून, आणि ते फ्रेंच नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच रूप! लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत हे आठवायला हरकत नाही.

मेंदी आणि पॉलिश यांत मूळचा भेद आहे. मेंदी नखात मुरते, पॉलिश नखावर बसते. म्हणूनच नमाजापूर्वीच्या वजूत पाणी नखापर्यंत पोचले पाहिजे, असे मानणाऱ्या आमच्या शेजारणी मेंदी लावून नमाज पढत आणि पॉलिश आधी उतरवून ठेवीत. पण या वरवरच्या बसण्यातच बाटलीचे सामर्थ्य होते. रात्री लावावे, सकाळी पुसावे. सण नको, पाटा नको, वाटून देणारी बाई नको.

दौंडच्या चाळीत कासाराच्या पेटीतून बांगड्यांबरोबर ही बाटली आली तेव्हा आत्याला वैधव्य येऊन बरीच वर्षे झाली होती. ती आम्हां भाच्यांची नखे मोठ्या हौसेने रंगवून देई. हात इतका स्थिर की कडेला रेघ जायची नाही. स्वतःसाठी मात्र तिने एक वेगळी बाटली आणली होती, बिनरंगाची. ‘नखं फार चिरतात ग,’ एवढेच ती म्हणे. काही दिसत नसल्याने कोणी काही बोलतही नसे. पण ती बाहेर ओसरीत बसून उन्हात हात धरी, तेव्हा दहाही नखे पाणी मारल्यासारखी चमकत. त्या बिनरंगाचा अर्थ मला पुष्कळ उशिरा, स्वतःच्या संसारात पडल्यावर कळला. रंग सर्वांना दिसतो. चकाकी फक्त लावणारीला आणि उन्हाला.

आता इतके वाचून कोणाला बाटली उघडावीशी वाटली, तर नवशिक्या हातांना जमतील अशा तीन नक्षी सांगते. तिन्ही जुन्याच आहेत. आधी एक पातळ हात द्यावा: पहिला फटकारा नखाच्या मधोमध, मग दोन कडांना एकेक. तो पुरता वाळला की दुसरा. जाड थर लवकर वाळत नाही आणि त्यावर बोटांचे ठसे उठतात. पहिली नक्षी ठिपक्यांची. काडेपेटीतल्या काडीचे मागचे टोक किंवा केसांच्या आकड्याचे गोल टोक दुसऱ्या रंगात बुडवून नखावर नुसते टेकवावे, ओढू नये. दारातली ठिपक्यांची रांगोळी ज्या हाताला येते त्याला हे सांगायलाच नको. एक मधे आणि भोवती पाच, की झाले फूल. दुसरी टोपीची. नखाचे वरचे टोक तेवढे गडद रंगवावे; ही आमची मेंदीचीच टोपी. तिसरी चंद्रकोरीची. नखाच्या बुडाशी पांढरट कोर दिसते, ती तशीच मोकळी ठेवून बाकीचे नख रंगवावे. १९२० आणि १९३० च्या दशकांत पाश्चात्त्य नट्यांनी ही चाल लोकप्रिय केली. आमच्या श्रावणातल्या नखांवर ती दिवाळीला आपोआप उमटे.

एक सूचना मात्र कडक आहे. बाटलीतले द्रावण पटकन पेट घेते. पणती, समई, फुलबाजी यांच्याजवळ बसून नखे रंगवू नयेत. कापसाच्या दारूचे कुळ आहे, हे विसरू नये.

अमरकोशात नखाला ‘पुनर्भव’ असा एक शब्द दिला आहे. पुन्हा उगवणारे ते नख. आणि जुन्या शास्त्रकारांनी दुसरा विवाह करणाऱ्या स्त्रीला ‘पुनर्भू’ म्हटले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढले. दोन तारखांत एकशे सहासष्ट वर्षे आहेत. नख मात्र सहा महिन्यांत नवे येते.

या दिवाळीत अभ्यंगस्नान उरकून, फराळाची ताटे आवरून मुली बाटल्या मांडून बसतील, तेव्हा त्यांनी घरातल्या थोरल्या बाईचा हात आधी मागून घ्यावा. ती हात पदराखाली नेईल, ‘आता मला मेलीला कशाला?’ म्हणेल. तिला एकदाच म्हणू द्यावे. दुसऱ्यांदा विचारताना रंगाच्या बाटल्या तिच्यापुढे ठेवाव्यात, आणि कोणता ते तिलाच निवडू द्यावे.