सनद, टपाल आणि पडदा

१७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यावीत, असे त्यात ठरले. पुढे १७८३ आणि १७८५ साली सनदा निघाल्या आणि नगर हवेली व दादरा हे मुलूख पोर्तुगीज अमलाखाली गेले. एवढा भाग आपल्या जुन्या घरांतून बहुतेकांस ठाऊक असतो. त्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. १९५४ साली हा प्रदेश मुक्त झाला आणि १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. तेथे हीच जुनी कागदपत्रे पुन्हा उलगडली गेली. मराठ्यांनी दिले ते सार्वभौमत्व होते की केवळ वसुलाचा हक्क, यावर खल झाला. १२ एप्रिल १९६० च्या निर्णयात न्यायालयाने तो वसुलाचाच हक्क मानला. पोर्तुगीजांच्या सार्वभौमत्वाला मान्यता मिळाली ती पुढे इंग्रजांच्या काळात, असेही म्हटले. निर्णयाच्या इतर कलमांत येथे शिरण्याचे कारण नाही. एकशे ऐंशी वर्षांपूर्वीचा कागद शिल्लक होता, म्हणून त्याला प्रश्न विचारता आला, एवढीच गोष्ट ध्यानी घ्यावी.

दरबारी कागदांप्रमाणेच घरगुती कागदांचेही एक दप्तर असे. वर ‘श्री’, खाली क्षेमकुशल, शेवटी थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद, अशी पत्रे वाचून झाली की भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवली जात. मृत्यूची वार्ता आणणारे पत्र मात्र वाचून फाडून टाकण्याची रीत होती. काय जपावे आणि काय टाकावे, याचा निर्णय घरच घेई. १९५४ नंतर काही काळ येथील टपालावर पोर्तुगीज हिंदुस्थानचीच तिकिटे ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून वापरली गेली. असे एखादे पाकीट आज हाती आले, तर आतला मजकूर न वाचताही ते त्या संक्रमणकाळाची साक्ष देते.

हा पत्रव्यवहार दूरध्वनीने क्षीण केला आणि २००४ नंतर तो नव्या वाटेने परतला. त्या वर्षीच्या २४ जानेवारीस ऑर्कुट सुरू झाले आणि फेब्रुवारीत फेसबुक. २००५ साली यूट्यूब आले, २००९ साली व्हॉट्सॲप. युनिकोडमुळे देवनागरी अक्षरे कोणत्याही संगणकावर सारखीच उमटू लागली आणि रोमन लिपीत मराठी लिहिण्याची अडचण दूर झाली. या साधनांचा घरोघरी झालेला उपयोग साधाच आहे: शाळासोबत्याचा शोध, बारशाची व मुंजीची छायाचित्रे, गणपतीच्या आरासीचे दर्शन, परगावच्या नातवंडांचे वाढदिवस, स्थळांची चौकशी, कुलवृत्तांतासाठी नावांची जुळवाजुळव. परंतु साधेपणावरून त्याचे मोल ठरवू नये. एखादे जुने समूहचित्र कोणी पडद्यावर ठेवावे, पुण्याहून एका आजोबांनी मागच्या रांगेतील दुसरा मनुष्य ओळखावा आणि अमेरिकेतील भाचीने सालाची दुरुस्ती करावी, हे इतिहास-संशोधनच होय. जी माणसे एका ओसरीवर कधी जमली नसती, त्यांच्या आठवणी येथे एकमेकींना पडताळून पाहतात.

आपल्यासारख्या लहान प्रदेशाला तर ही सोय फारच मोलाची आहे. १९६१ च्या जनगणनेत अठ्ठावन्न हजारांच्या आत असलेली येथील वस्ती २०११ साली तीन लाख त्रेचाळीस हजारांवर गेली. गावाचे जुने रूप ज्यांनी पाहिले, ते आता येथे अल्पसंख्य आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांची मुले दूर पांगली आहेत.

तथापि या सोयीचे दोन धोके आहेत. पहिला मोडतोडीचा. दर २ ऑगस्टला मुक्तिदिनाचे संदेश फिरतात. ते पुढे पाठवताना लेखकाचे नाव गळते, साल बदलते आणि श्रेय एकाच गटाकडे जाते. वस्तुतः २२ जुलै १९५४ ला दादरा मुक्त झाले ते युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या पुढाकाराने. २८ जुलैला नरोली व २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त करण्यात आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते. कम्युनिस्टांनी वारली समाजाला संघटित करून आपली आघाडी उघडली होती. सुधीर फडके यांच्यासारखे संगीतकार आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे इतिहासप्रेमीही या लढ्यात होते. इतक्या हातांनी घडलेली घटना चार ओळींत बसवायची, तर कोणाचा तरी हात कापला जाणारच.

दुसरा धोका नाशाचा. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. छायाचित्रे उतरवून घेण्यास २०१६ पर्यंत मुदत होती, पण ज्यांना ती वेळीच कळली नाही, त्यांचे अल्बम गेले. परस्परांच्या पानांवर लिहिलेली खुशाली गेली आणि छायाचित्रांखालील ओळखीही गेल्या. त्या ओळखींतच खरे धन होते. मूळ चित्र एखाद्या पेटीत असेलही, पण मागच्या रांगेतील दुसरा मनुष्य पुन्हा अनोळखी झाला. १७७९ चा तह एकशे ऐंशी वर्षांनी न्यायालयात उभा राहू शकला. ऑर्कुटचे दप्तर अकरा वर्षेही टिकले नाही. तारेवरची पत्रे जपणारे घर आपले होते. पडद्यावरचे घर दुसऱ्याचे आहे आणि ते केव्हा मोडायचे हे घरमालक ठरवतो.

म्हणून या साधनांकडे पाठ फिरवावी, असे सुचवावयाचे नाही. ओळख पटविण्यास त्यांच्यासारखी दुसरी सभा नाही. मात्र सभेत जे ठरले त्याची नोंद आपल्या दप्तरी व्हावी. छायाचित्राखाली जमलेली नावे, गाव व साल त्याच दिवशी चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहावे. वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत, सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह, घरच्या वहीत उतरवावी. पोर्तुगीज काळातील दाखले, जमिनीचे कागद, शाळेची प्रमाणपत्रे यांच्या प्रती काढून एकाहून अधिक घरी ठेवाव्यात. खर्च अल्प आहे. हवी ती सवय. ज्या पिढीला मागची रांग ओळखता येते, ती आता ऐंशीच्या पलीकडे आहे.