छपराखालून पुन्हा बागेत : मुलांच्या ‘आउटडोअर’ फोटोची कुळकथा

मुलाला ठेवणीतले कपडे घालायचे, उघड्यावर न्यायचे, नेमून दिलेल्या जागी नेमून दिलेल्या ढबीत उभे करायचे आणि फोटो काढायचा, हा उद्योग नवी मुंबईतल्या खारघरमध्ये ‘आउटडोअर शूट’ या नावाने चालतो आणि त्या नावामुळे नवा वाटतो. प्रत्यक्षात तो छायाचित्रणाइतकाच जुना आहे. मधला बराच काळ मात्र त्याने छपराखाली काढला, आणि तिथे लागलेल्या सवयी बाहेर येताना बरोबर आणल्या.

१८३९ मध्ये पॅरिसला दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा माणसाचा चेहरा टिपणे जवळपास अशक्य होते. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला भर उन्हातही काही मिनिटे लागत. योझेफ पेट्झवालने १८४० मध्ये आखलेल्या भिंगाने आणि सुधारलेल्या रसायनांनी हा वेळ मिनिटाच्या आत आला, तरी भरपूर उजेड हवाच होता. रिचर्ड बिअर्डने १८४१ मध्ये लंडनमध्ये स्टुडिओ थाटला तो इमारतीच्या माथ्यावर, काचेखाली, याचसाठी. स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन या जोडीने तर छप्परच सोडले. १८४३ ते १८४७ या काळात एडिंबरोच्या काल्टन टेकडीवर आणि जवळच्या न्यूहेवन या कोळ्यांच्या गावात त्यांनी कागदी निगेटिव्हवर चित्रे घेतली. न्यूहेवनच्या चित्रांत होड्यांपाशी रेललेली पोरे आहेत. बापाची ढगळ विजार घातलेला एक मुलगा त्यात विशेष गाजला. ते रेलणे ऐटीसाठी नव्हते. मूल कशाला तरी टेकले तरच पुरेसा वेळ स्थिर राही. होडी, कठडा, झाडाचा बुंधा यांच्या आधाराने मुलाला उभे करण्याची रीत या अडचणीतून आली. अडचण कधीच संपली, तरी बुंध्याला टेकलेले मूल अजून संपलेले नाही.

लहान मूल हे त्या काळच्या छायाचित्रकाराचे सर्वांत अवघड गिऱ्हाईक होते. मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावून डोके स्थिर ठेवता येई, पण तान्ह्याला चिमटा कसा लावणार? मग आईला खुर्चीत बसवून तिच्यावर चादर किंवा गालिचा टाकत आणि मूल तिच्या मांडीवर ठेवत. चित्रात आई दिसू नये एवढीच अपेक्षा असे. अशी शेकडो चित्रे युरोप-अमेरिकेत शिल्लक आहेत. काहींत चादरीखालून आलेला हात स्पष्ट दिसतो, आणि आजच्या डोळ्याला ते चित्र गोड वाटण्याऐवजी भुताटकीचे वाटते. त्या मुलांच्या चेहऱ्यांवरचा गंभीरपणाही काही अंशी याच वेळखाऊ तंत्राचा परिणाम होता. कित्येक सेकंद हसू टिकवणे मोठ्यांनाही जमत नाही.

मुंबईत ही कला लवकर रुजली. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या पहिल्या फळीतले नाव. याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड काढले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे एका निगेटिव्हवरची आणि मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरचा आहे. माणसे स्टुडिओत उभी राहिली, पण छापताना ती शहरातल्या मोकळ्या जागी पोचली. पार्श्वभूमी बदलण्याची कला मुंबईत इतकी जुनी आहे.

त्यानंतरचे युग स्टुडिओचे. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत शाखा उघडली, आणि पुढे गावोगावच्या पेठांत फोटोवाले बसले. इथे बाहेरचे जग पडद्यावर रंगवलेले असे: कारंजे, कमानी, लांबवर गेलेली बागेतली वाट. पुढ्यात वेताची खुर्ची किंवा कठड्याचा तुकडा, आणि त्यावर हात ठेवून जरीच्या टोपीतला मुलगा. एरवी ज्या बागेत तो कधी गेला नसता, त्या विलायती बागेत तो फोटोपुरता उभा राही. उघड्यावरची ढब छपराखाली आली ती अशी, आणि जुन्या मराठी घरांतल्या भिंतींवर तीच टिकली.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने कोरड्या काचपट्टीची पद्धत मांडली. पुढच्या दशकभरात एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर आले आणि मूल हलले तरी चालेल अशी सोय झाली. १९०० मध्ये कोडॅकने एक डॉलरचा ‘ब्राउनी’ कॅमेरा खास मुलांना डोळ्यांपुढे ठेवून विकायला आणला, म्हणजे मूल आता कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना आले. ढबीचे तांत्रिक कारण इथेच संपले. ढब मात्र राहिली, कारण तोवर ‘फोटो’ म्हणजे ढब असे समीकरण झाले होते.

या वंशवृक्षात चित्रपटाचाही एक चुलत धागा आहे. दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये रोहिदासाचे काम त्यांचा मुलगा भालचंद्र याने केले आणि बाहेरचे चित्रण वांगणीला, म्हणजे माथेरानच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला झाले. फाळक्यांच्या चरित्रांत हकिकत येते ती अशी: तिथे खेळताना भालचंद्र खडकावर पडला, डोक्याला लागून बेशुद्ध झाला. प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा घ्यायचा होता, म्हणून फाळक्यांनी तो त्याच अवस्थेत घेतला. मुलाने स्थिर राहावे ही कॅमेरेवाल्यांची इच्छा इतक्या भीषण रीतीने क्वचितच पुरी झाली असेल.

मध्यमवर्गाच्या हातात कॅमेरा आला तो बडोद्याला बनणाऱ्या ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’सारख्या साध्या पेटीच्या रूपाने. १२० च्या फिल्मवर बारा चौकोनी फोटो. आत, ट्यूबलाइटच्या उजेडात काहीच नीट येत नसे, म्हणून मुलांना गच्चीत, अंगणात, वाड्याच्या चौकात काढावे लागे. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा एकमेव नियम सगळे पाळत. त्यामुळे त्या काळच्या अल्बमांतली बहुतेक मुले डोळे बारीक करून पाहताना दिसतात.

आज ‘थीम’ म्हणतात तीही याच अल्बमांत आहे. संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेले बाळ, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याचीच बासरी. गोकुळाष्टमीला मोरपीस लावलेला कृष्ण. भाड्याच्या टोपल्या आणि लोकरी टोप्या येण्याच्या कितीतरी आधी मराठी घरांनी मुलाला सजवून फोटोसमोर बसवण्याचा मुहूर्त ठरवून ठेवला होता.

खारघर या कथेत उशिरा येते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवली, त्यातला हा नोड पनवेलच्या बाजूचा. २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत. रुंद रस्ते, उत्सव चौक, डोंगराचा पडदा आणि २०१० मध्ये खुले झालेले सेंट्रल पार्क, अशी पार्श्वभूमी इथे आखून मिळते. स्टुडिओतल्या पडद्यावर जी बाग रंगवलेली असे, तिच्याच जातीची हिरवळ, वाट आणि पायऱ्या इथे नगररचनाकारांनी प्रत्यक्षात मांडल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि सेंट्रल पार्कच्या नावाचे स्थानकच झाले.

इथल्या फोटोग्राफरांच्या कामाची रीत प्रकाशावर बेतलेली असते. दुपारचे डोक्यावरचे ऊन डोळ्यांखाली काळ्या खाचा पाडते, म्हणून सकाळचा पहिला तास किंवा मावळतीआधीचा वेळ धरतात. पश्चिमेच्या अंगाला डोंगर असल्याने इथे सूर्य पंचांगातल्या वेळेआधीच आड जातो, हे बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला पहिल्या खेपेला कळत नाही. जुना नियम उलटला आहे. आता सूर्य मुलाच्या पाठीमागे ठेवतात, केसांना उजेडाची कड मिळते आणि चेहऱ्यावर पांढऱ्या रिफ्लेक्टरने प्रकाश परतवतात. ८५ मिलिमीटरसारखे लांब भिंग मोठ्या छिद्रावर लावले की मागची झाडे विरघळतात; धावत्या मुलासाठी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत नेतात. आईची जागाही बदलली. चादरीखालून निघून ती आता फोटोग्राफरच्या खांद्यामागे उभी राहून खुळखुळा वाजवते.

फॅशनही फिरली आहे. ‘कँडिड’च्या नावाखाली मुलाला ‘इकडे बघू नकोस, पळ, पानं उडव’ असे सांगितले जाते, आणि तोच पळण्याचा प्रकार पुन्हा पुन्हा करून घेतात. ही ढबच आहे, फक्त हलती. २०१६ पासून फोनमध्ये आलेल्या ‘पोर्ट्रेट मोड’ने मागचा देखावा गणिताने धूसर करण्याची सोय दिली आणि तो देखावाच बदलणारी अ‍ॅप्स तर बागेत जाण्याचीही गरज ठेवत नाहीत. जॉन्सनचे दोन निगेटिव्ह तेच काम करत.

खारघरला याचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा, म्हणजे बोरन्हाण त्याच्या मधोमध. पावसाळ्यात डोंगर सर्वांत हिरवा असतो, पण पांडवकड्याच्या धबधब्याकडे अपघातांमुळे त्या दिवसांत बंदी घातली जाते. मग फोटोग्राफर मंडळी ढगाळ दुपारीही बागेतच काम उरकतात. ढगांतून गाळून आलेल्या उजेडात रिफ्लेक्टर बहुधा पिशवीतच राहतो.